ठोंब फोडताना

गवती चहाला बी धरत नाही. आपल्या अंगणात, मोरीच्या कडेला किंवा गच्चीवरच्या ड्रमात जो गवती चहा असतो, त्याला सहसा तुराच येत नाही. बँकेच्या नोकरीत बदली होईल त्या गावी मी तो लावत गेले, निवृत्तीनंतर पुण्यात इमारतीच्या गच्चीवर लावते आहे, आणि इतक्या वर्षांत माझ्या एकाही ठोंबावर तुरा दिसलेला नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव सिम्बोपोगॉन सिट्रेटस. रानात आपसूक उगवलेला तो सापडत नाही. माणसाने लावला तरच असतो. म्हणून ज्या घरी गवती चहा आहे, त्या घरी तो कुणीतरी दिलेला आहे. कुणीतरी आपला जुना ठोंब खणून काढला, फोडला आणि मुळासकट एक फुटवा शेजारणीच्या हातात ठेवला. रोपवाटिकेतून पिशवीत आणलेलं रोपही असंच कुठल्यातरी ठोंबातून आलेलं असतं.

या गवताकडून मी जे काही शिकले ते सगळं याच गोष्टीभोवती फिरतं. याला कापावं लागतं, फोडावं लागतं आणि वाटावं लागतं. हात न लावता जपून ठेवलेला ठोंब तीन-चार वर्षांत मधून मरायला लागतो. मध्यभागी वाळक्या खुंटांचा गठ्ठा उरतो, जिवंत फुटवे कडेकडेने बाहेर सरकतात, पाती बारीक होत जातात. ज्या घरी सगळे रोज चहात पात टाकतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुटवा मिळतो, त्या घरचा ठोंब मात्र दरवर्षी नवा दिसतो.

याची पहिली नीट ओळख मला चिपळूणला झाली. भाड्याच्या घरामागे न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडायचं तिथे अळू, कर्दळ आणि गवती चहा शेजारी शेजारी होते. मी बँकेतून आले की घाईघाईत एखादी पात उपटून घ्यायची. घरमालकीण आजींनी ते एकदा पडवीतून पाहिलं. त्या म्हणाल्या, “ओढू नको गो, विळ्याने काप. ओढलीस की मुळं हलतात आणि मग आख्खा फुटवा सुकतो.” मग त्यांनी स्वतः कापून दाखवलं. डाव्या हातात पाती गोळा करून मूठ आवळायची, जमिनीपासून चार बोटं सोडायची आणि विळा एकदाच ओढायचा. पांढरट दांडा जिथे संपतो आणि हिरवी पात सुटी होते, त्याच्या जरा वर काप यायला हवा. खाली कापलं तर आतला कोंब जातो आणि पुन्हा फुटायला वेळ लागतो. त्यांच्या हाताला ते मोजमाप पक्कं बसलेलं होतं. त्या कधीही वाकून बघायच्या नाहीत.

पातीच्या कडेने बोट चिरतं, हेही तेव्हाच कळलं. गवताच्या पात्यात वाळूतला असतो तोच सिलिका साठलेला असतो आणि कडेला सूक्ष्म दाते असतात. खालून वर हात फिरवला तर काही होत नाही, वरून खाली फिरवला की रक्त येतं. आजही मी फुल बाह्यांचा जुना सदरा घातल्याशिवाय कापायला बसत नाही.

चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात गवत कुजेल असं वाटतं, पण आजींचा ठोंब जांभ्याच्या उतारावर होता आणि पाणी येई तसं निघून जाई. शेजारच्या घरी त्याच ठोंबातला फुटवा सपाट अंगणात लावला होता. तिथे आषाढात पाणी साचून राहिलं आणि तो मुळातून सडला. या झाडाला पाणी भरपूर लागतं, पण मुळापाशी थांबलेलं पाणी चालत नाही. पुढे प्रत्येक गावी जागा निवडताना मी आधी पावसाचं पाणी कुठून कसं वाहतं ते बघायला लागले.

श्रावण सरता सरता तांबेरा यायचा. पातीच्या पाठीवर विटकरी ठिपके उठायचे आणि बोट फिरवलं की तांबडी पूड लागायची. आजी अशा वेळी औषध शोधत बसायच्या नाहीत. सगळा ठोंब बुडापासून कापायच्या, कापलेली पात उन्हं पडली की वाळवून न्हाणीच्या चुलीत घालायच्या, आणि दाटीतले दोन-तीन फुटवे काढून जागा मोकळी करायच्या. नवी पात स्वच्छ यायची. तांबेरा ही बुरशी आहे, दमट हवा आणि दाटी तिला मानवते, हे मी नंतर वाचलं. आजींचा उपाय त्या माहितीत नेमका बसतो.

ठोंबाच्या बुडाशी वाळकी पात साठू द्यायची नाही, हाही त्यांचाच दंडक. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं सर्रास आढळतं. गवती चहाच्या वासाने साप येतो असं काही लोक म्हणतात, काही म्हणतात वासाने साप पळतो. मला या दोन्हींत तथ्य दिसलं नाही. बुडाशी पालापाचोळा साठला की त्यात बेडूक आणि उंदीर शिरतात आणि त्यांच्या मागे साप येतो, एवढा साधा मामला आहे. म्हणून ठोंब दारापासून लांब असावा, बूड स्वच्छ असावं आणि आत हात घालण्याआधी काठीने हलवून बघावं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आज जास्त लागू आहे. मोरीच्या पाण्यावर गवती चहा लावायची आपली रीत जुनी आहे. ती पडली तेव्हा भांडी राखेने घासली जायची आणि अंगाला शिकेकाई-डाळीचं पीठ लागायचं. आता त्याच पाण्यातून कपड्यांची पावडर आणि फरशीचं ॲसिड जातं. ज्या झाडाची पात आपण उकळून पितो ते या पाण्यावर असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे कर्दळ लावावी, गवती चहाला चांगलं पाणी द्यावं.

सोलापूरची बदली झाली तेव्हा चिपळूणचे फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून नेले. पाती वीतभर ठेवून छाटल्या, मुळंही थोडी आखूड केली. असा फुटवा चार-पाच दिवस सहज तग धरतो. सोलापूरच्या काळ्या मातीत तो लावण्यासाठी मी खड्डा घेत होते, तेव्हा शाखेतले शेतकरी घरातून आलेले शिपाईमामा म्हणाले, “म्याडम, काळ्या रानात खड्डा नगा करू. वरंबा ओढा, त्यावर लावा.” काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळं तोडते. मामांनी कुठूनतरी पोयटा आणि उसाचं पाचट आणून दिलं. मातीत पोयटा मिसळून वरंबा केला, वर पाचटाचं जाड आच्छादन घातलं. वैशाखात बाहेर त्रेचाळीस अंश असताना पाचटाखाली बोट घातलं की माती ओली लागायची.

तिथे वेगळंच दुखणं आलं. नवी पानं फिकट पिवळी निघायची, शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. जुनी पानं मात्र ठीक. बोअरचं पाणी क्षाराचं होतं, बादलीला पांढरा थर बसायचा, आणि जमीन चुनखडीची. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कृषी विभागातून कर्जाच्या कामाला येणाऱ्या एका अधिकाऱ्यांनी हे पानाकडे बघून ओळखलं: जुनं पान पिवळं पडलं तर नत्राची कमी, नवं पान शिरा सोडून पिवळं पडलं तर लोहाची. हा फरक मला पुढे टोमॅटोपासून जास्वंदीपर्यंत सगळीकडे उपयोगी पडला. त्यांच्या सांगण्यावरून कुजलेलं शेणखत वाढवलं आणि पावसाचं पाणी पिंपात साठवून फक्त या वरंब्याला राखून ठेवलं. एका पावसाळ्यात रंग परत आला.

त्याच भागात एका कर्जाच्या पाहणीसाठी गवती चहाचं तेल काढणाऱ्या शेतकऱ्याकडे जायचा योग आला. बँकेच्या कामात मी द्राक्षबागा, गोठे, पोल्ट्री बरंच काही पाहिलं, पण या पाहणीला मी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबले. आदल्या दिवशी कापून सुकत ठेवलेला पाला मोठ्या टाकीत दाबून भरला होता. खालून वाफ सोडली की ती पाल्यातून तेल घेऊन वर येते, थंड पाण्यातल्या नळीतून जाताना पुन्हा पाणी होते, आणि भांड्यात पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं. शंभर किलो ओल्या पाल्यातून अर्धा किलो तेल मिळालं तरी तो शेतकरी खूश होता. त्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के सिट्रल असतं. लिंबासारखा वास येतो तो त्याचाच. साबण आणि अत्तरं यांना ते लागतंच, कारखान्यांत जीवनसत्त्व ‘अ’ बनवायलाही सिट्रल वापरतात.

त्याच्या शेतात काही ठोंबांना तुरे होते. मी थक्क होऊन विचारलं. त्याच्याकडे लखनौच्या सीमॅप संस्थेची ‘कृष्णा’ जात होती. ती सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओसस, म्हणजे आपल्या परसातल्या गवती चहाची सख्खी बहीण. केरळातून पूर्वापार जे तेल निघतं ते याच गवताचं, आणि तिथल्या ओडक्कली इथे 1951 पासून त्यावर संशोधन चालतं. ते फुलतं, बी धरतं. आपल्या घरचं फुलत नाही. याच कुळात आपलं रोशा गवतही आहे, ज्याचं तेल खानदेशात सांधेदुखीला चोळतात. तेही कोरड्या टेकड्यांवर बियांतून आपोआप पसरतं. या तिघांत बियांचा रस्ता बंद असलेला एकटा आपला परसातला गवती चहा. त्याला माणसाशिवाय पर्याय नाही, हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते त्या शेतात.

त्या शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवली. उभ्या पिकात वाऱ्याच्या झुळकीला जवळपास काहीच वास नव्हता. त्याने एक पात चुरगाळून हातात दिली आणि मग वास दरवळला. तेल पानाच्या आतल्या पेशींत बंद असतं. पेशी फुटली की बाहेर येतं. दारात गवती चहाची कुंडी ठेवली म्हणजे डास येत नाहीत असं मला अनेकांनी ऐकवलं आहे. नुसतं उभं झाड डास घालवत नाही. स्वयंपाकघरातही हेच लक्षात ठेवायला हवं: अख्खी पात पाण्यात सोडली तर निम्मा स्वाद पातीतच राहतो. ती तोडून, मुरगाळून घालावी.

नाशिकला थंडीने शिकवलं. निफाडच्या बाजूला पारा कधीकधी अगदी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. पौषात ठोंबाची टोकं तांबूस होतात, वाढ थांबते आणि पाती कोरड्या खुळखुळतात. बघणाऱ्याला वाटतं, झाड मेलं. अशा वेळी हात आवरायचा. ती वाळकी पात आतल्या कोंबाला पांघरुणासारखी राखते. महाशिवरात्र उलटली, दुपारचं ऊन तापायला लागलं की सगळं एकदाच कापून घ्यायचं, शेणखताची ओंजळ द्यायची आणि पाणी वाढवायचं. पंधरा-वीस दिवसांत नवी हिरवी टोकं दिसतात. नाशिकच्या आमच्या कॉलनीत थंडीत “सुकला” म्हणून उपटून टाकलेले ठोंब मी कचऱ्याच्या ढिगातून उचलून आणले आहेत. त्यांतले बरेचसे चैत्रात फुटले.

पुण्यात जमीन संपली आणि गच्ची आली. कुंडीत हे झाड लावणं वेगळं काम आहे. त्याची मुळं तंतुमय आणि दाट असतात. वर्षभरात कुंडी भरून टाकतात, मातीला जागाच उरत नाही. वरून घातलेलं पाणी सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं, पाणी पुष्कळ झालं. प्रत्यक्षात मधला गोळा कोरडा ठणठणीत असतो. मातीच्या कुंड्या तर मुळांच्या दाबाने तडकतात. मी निम्मे कापलेले प्लास्टिकचे ड्रम घेतले, तळाला विटांचे तुकडे, वर वाळका पाला, मग घरच्या ओल्या कचऱ्याचं खत आणि थोडी माती. श्री. अ. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ वाचलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकांना ही पद्धत ठाऊक आहे. हलका ड्रम गच्चीच्या स्लॅबलाही सोसतो. ड्रम विटांवर उचलून ठेवावा, म्हणजे खाली ओल मुरत नाही आणि सोसायटीच्या बैठकीत वाद होत नाही.

गच्चीवरच्या पहिल्याच वर्षी एका रोपवाटिकेतून आणखी दोन रोपं घेतली. गवती चहा म्हणून दिलेली ती रोपं सिट्रोनेलाची निघाली. चहात टाकल्यावर तोंडात साबणाची चव आली. तेव्हापासून मी विकत घेणाऱ्याला एकच सांगते: बूड बघा. गवती चहाच्या दांड्याचं बूड पांढरट हिरवं असतं, सिट्रोनेलाचं लालसर जांभळट. आणि पात चुरगाळून नाकाशी न्या. लिंबाचा स्वच्छ वास आला तरच घ्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथल्या काकांनी एकदा वर गच्चीकडे बोट करून विचारलं, “ताई, रोज एक जुडी मिळेल का? मंडईतली सकाळी आणलेली दुपारपर्यंत मान टाकते.” भाजीवाल्या मावशी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात तरी हीच कथा असते. पाती पातळ असतात, त्यांतलं पाणी लवकर उडतं. मी हो म्हटलं, आणि त्या एका होकाराने माझी बागकाम करायची पद्धत बदलली. तोवर मी लागेल तशी, लागेल तिथून पात कापत होते. रोज जुडी द्यायची म्हटल्यावर हिशेब करावा लागला. एकदा बुडापासून कापलेला ठोंब पुन्हा हातभर वाढायला उन्हा-पावसाच्या दिवसांत दीड ते दोन महिने लागतात, हिवाळ्यात त्याहून जास्त. तेव्हा ड्रमांची ओळ पाडली आणि पाळी लावली. आज पहिल्यातलं कापायचं, तो संपला की दुसरा. शेवटच्या ड्रमाशी पोचेपर्यंत पहिला तयार व्हायला हवा. नाही झाला तर एक ड्रम वाढवायचा. कापलेल्या ड्रमाला त्याच दिवशी खत, म्हणजे फुटवा जोमाने येतो.

काकांनी पैसे देऊ केले. मी त्यांच्याकडून चहाचा चोथा मागितला. तो दूध-साखरेचा असतो, तसाच घातला तर मुंग्या लागतात आणि आंबूस वास सुटतो. दोन पाण्यांत धुऊन, वाळवून खतात मिसळला की उत्तम. आता ते स्वतःच धुऊन देतात.

गवती चहाचा चहा करायची माझी रीतही त्यांच्या टपरीवर सुधारली. ते पातीची गाठ मारून गार पाण्यातच सोडतात, सोबत ठेचलेलं आलं. उकळी आली की वर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं थांबतात. झाकण महत्त्वाचं, कारण शेतात वाफेने जे तेल निघताना मी पाहिलं तेच इथे वाफेबरोबर उडून जात असतं. मग साखर आणि पावडर, गाठ काढून टाकायची आणि दूध सगळ्यात शेवटी. दोन कपांना दोन-तीन पाती पुरतात. जास्त घातली तर चहाची चव मागे पडते आणि गवताची कडवट चव जिभेवर राहते. पाती सावलीत वाळवून डब्यात ठेवता येतात, पण स्वाद बराच उतरतो. ज्याच्याकडे ताजी मिळण्याची सोय आहे त्याने वाळवण्याच्या फंदात पडू नये.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि टपरी बंद झाली. मला वाटलं, आता ड्रमांना विसावा मिळेल. घडलं उलटं. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिऱ्याचा काढा सुचवला होता. त्यात घरोघरी गवती चहाची भर पडली, आणि मंडई बंद असल्याने सगळी इमारत आमच्या दारात आली. काढ्याने करोना जातो असं मी कुणाला म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. गरम, सुवासिक पेयाने घसा निवतो आणि घाबरलेल्या घरात चार माणसं एकत्र बसतात, एवढं मात्र खरं होतं. नाही म्हणवेना. पाळी मोडली, वीतभर वाढलेली पात पुन्हा पुन्हा कापली गेली. मे महिन्यापर्यंत पाती सुतळीसारख्या बारीक झाल्या. पानं असतील तर मुळांना अन्न मिळतं. पानंच नसतील तर झाड बुडातला साठा खर्च करत राहतं आणि तो संपला की फुटवा मरतो.

तेव्हा मी लिफ्टजवळच्या फलकावर चिठ्ठी लावली: आता पात मिळणार नाही, फुटवा मिळेल, डबा आणि माती घेऊन एकेकाने गच्चीवर या. मृग लागला होता, ठोंब फोडायला योग्य वेळ होती. मास्क लावून, अंतर ठेवून लोक आले. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, मुलांच्या खेळण्याची टोपलीसुद्धा. प्रत्येकाला लावून दाखवलं. माझे ड्रम निम्मे रिकामे झाले, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या उरलेल्या फुटव्यांनी ते पुन्हा भरून काढले. दाटी मोडल्याने जे झालं ते वर्षभराच्या खताने झालं नसतं.

त्यांत तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा होते. एकटे, मुलं परदेशात अडकलेली. त्यांनी आयुष्यात कुंडीला पाणी घातलेलं नव्हतं. पूर्वेच्या खिडकीत डबा ठेवून ते मला रोज फोन करायचे. आज कोंब दिसला, आज पान उलगडलं, आज टोक पिवळं दिसतंय. मी त्यांना सांगितलं, टोक जरा पिवळं झालं तर काळजी करू नका, खालचं नवं पान कसं आहे ते सांगा. पुढच्या जूनमध्ये त्यांनी स्वतः ठोंब फोडला आणि शेजारच्या इमारतीतल्या दोघांना दिला. देताना त्यांनी जे समजावलं ते मी कठड्यापाशी उभी राहून ऐकलं. एकही गोष्ट सुटली नव्हती.

सगळीकडे असं झालं नाही. वर्षभराने चौकशी केली तर वाटलेल्या फुटव्यांपैकी बरेच गेले होते, आणि जवळजवळ सगळे उत्तरेच्या बाल्कनीतले. सावलीत हे गवत मरत नाही लगेच; ते लांब, लुळं आणि बिनवासाचं होत जातं, मग एखाद्या पावसाळ्यात बुडाशी सडतं. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर बाकी काहीही केलं तरी ते मनासारखं होत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या भाचीने मला येताना फुटवा आणायला सांगितलं होतं. मुळं-मातीसकट रोप परवान्याशिवाय देशाच्या सीमेपलीकडे नेता येत नाही, आणि तो नियम योग्य आहे. मातीबरोबर कीड आणि रोग जातात. तिला आशियाई किराणा दुकानात जाऊन थाई स्वयंपाकासाठी विकतात त्या जाड दांड्या बघायला सांगितलं. ज्यांचं बूड शाबूत आहे, अगदी तळाशी चकतीसारखा भाग कापलेला नाही, अशा दांड्या निवडायच्या आणि दोन बोटं पाण्यात उभ्या ठेवायच्या. दोन-तीन आठवड्यांत मुळं सुटली. ती आता उन्हाळ्यात अंगणात ठेवते आणि पहिलं दहिवर पडायच्या आत कुंडी घरात घेते. आमच्याकडे ज्या भागाकडे कुणी बघत नाही तो पांढरा दांडा ती बारीक चिरून डाळीच्या फोडणीत घालते. मीही करून पाहिलं. नारळाच्या दुधातल्या आमटीला तो फार छान लागतो.

यंदाही मृगाच्या आसपास ठोंब फोडायचे आहेत. आदल्या दिवशी ड्रमाला पाणी देते, म्हणजे गोळा सैल होतो. सकाळी पाती वीतभर ठेवून छाटायच्या, ड्रम आडवा करून गोळा बाहेर काढायचा. हाताने फुटत नाही. जुनी करवत किंवा कोयता लागतो. आधी दोन, मग चार तुकडे, आणि मग बोटांनी एकेक फुटवा मोकळा करायचा. वाळकं आवरण सोलून काढलं की आतला पांढरा, टणक दांडा दिसतो. बूड टणक असेल आणि निदान चार-पाच मुळं असतील तोच फुटवा द्यायचा. मऊ पडलेला, तपकिरी बुडाचा बाजूला. मधला खुंटांचा भाग खतात जातो, त्याला कुजायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

न्यायला येणाऱ्याला मी आधी विचारते, तुमच्याकडे ऊन कुठल्या बाजूने येतं आणि किती वेळ टिकतं. ज्यांच्याकडे ऊन आहे त्यांना दोन फुटवे देते, एक गेला तर दुसरा राहावा म्हणून. ज्यांची बाल्कनी उत्तरेला आहे त्यांना पुदिन्याची मुळं असलेली काडी देते. तो थोड्या उजेडातही निभावतो. आणि पात हवी असेल तर वर येऊन कापून न्या म्हणते, पाळी कुठल्या ड्रमाची आहे ते खडूने लिहिलेलं असतं.